पांढरी तीन

मी घरी आल्याचं कुणाला कळतच नाही, अशी माझी बरेच दिवस तक्रार होती. तक्रार गाडीबद्दल आहे असं मला वाटत होतं.

गाडी म्हणजे पोलो जीटी टीएसआय, २०१६ची, एका मालकाकडे वापरून झालेली. चाकणला जन्मलेली, म्हणजे पुणे जिल्ह्याचीच लेक. पण स्वभाव अगदी अपुणेरी. आपणहून बोलत नाही. इंजिन ११९७ सीसीचं, कागदावर कोथिंबीर आणायला जाण्याइतपत. पण त्याला टर्बो जोडलेला, त्यामुळे १०५ अश्वशक्ती. खंबाटकीच्या चढाला ती अशी निघते की बायको दारावरचा दांडा धरते आणि नुसतं "अहो" म्हणते. आणि हे सगळं गुपचूप. टर्बोच्या गाड्या जात्याच मितभाषी असतात. इंजिनातून निघालेला गरम वायू जाता जाता टर्बोचा पंखा फिरवतो, त्यात त्याची बरीचशी रग तिथेच जिरते. उरलेली सायलेन्सर जिरवतो. मागच्या नळीतून बाहेर येतो तो एक सभ्य सुस्कारा.

आमच्या वडिलांच्या चेतकचं तसं नव्हतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी ते मूठ फिरवून दुसरा गिअर टाकायचे, आणि तो आवाज गिरणीच्या आवाजातूनही आम्हाला ऐकू यायचा. मग ताई टीव्ही बंद करायची, मी भूगोलाचं पुस्तक उघडायचो. वडील आत यायचे, चपला काढायचे, काही न बोलता टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. तेव्हाचे टीव्ही तापायचे. पुढचा भाग इथे सांगण्यासारखा नाही.

माझ्या घरी मी किल्लीने दार उघडून आत जातो, सोफ्याच्या मागे जाऊन उभा राहतो, तरी चिरंजीव पडद्यावरून मान वळवत नाहीत. "कधी आलात?" असं बायको तासाभराने विचारते.

हे दुःख मी भाच्याला सांगितलं. तो पंचवीस वर्षांचा आहे. सगळ्या दुःखांवर त्याच्याकडे एकच औषध. "मामा, फ्री-फ्लो सायलेन्सर टाक."

पुढचे दोन महिने आम्ही आवाज पाहिले. हो, पाहिलेच, जशी स्थळं पाहतात तसे. रात्री जेवणं झाली की भाचा येणार, मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या कुणाची तरी गाडी सुरू होणार, आणि आम्ही दोघं मान तिरकी करून ऐकणार. स्लोव्हेनियातल्या सायलेन्सरवाल्या अ‍ॅक्रापोविचचं नाव भाचा ज्या आदराने घेतो, त्या आदराने माझे आजोबा बालगंधर्वांचं घेत. ऐकता ऐकता माझाही कान तयार झाला. पाच सिलिंडरची ऑडी थोडी लंगडत म्हणते, व्ही-८ गुळण्या करतो, चार सिलिंडरची गाडी मात्र सरळ एका सुरात रेकते, तिला खुलवावं लागतं, वगैरे मतं मी ऑफिसात डबा खाताना मांडू लागलो. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम-५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये ऐकवायची सोय केली, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे तिकडेही पार्श्वगायन चालतं.

सायलेन्सर हा शब्द आपण इंग्रजांकडून उचलला. अमेरिकन लोक त्याच वस्तूला मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर डिसेंबरात गळ्याभोवती गुंडाळून सवाई गंधर्वला जायचं असतं, त्यामुळे मला अमेरिकन शब्दच जास्त पटतो. या वस्तूच्या इतिहासात एक बाप-लेक आहेत. बाप हायरम मॅक्सिम. त्याने १८८४मध्ये आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन काढली आणि जगाचे कान किटवले, स्वतःचेही. तो पुढे जवळजवळ ठार बहिरा झाला. त्याच्या मुलाने, हायरम पर्सीने, १९०९मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि मग तीच अक्कल इंजिनांच्या धुराड्यांना लावली. बापाने आयुष्यभर ठो ठो केलं, पोराने आयुष्यभर चूप चूप. आमच्या घरात उलटं होतं एवढंच.

भाच्याने मला शरीररचना शिकवली. इंजिनातून बाहेर पडलं की आधी टर्बो, मग डाउनपाईप, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे बोलीत "कॅट", पुढे रेझोनेटर नावाचा लहान डबा, शेवटी सायलेन्सरचा मोठा डबा आणि त्याचं टोक. यातलं काय बदलायचं यावर बिल ठरतं, आणि गुन्हाही. नुसता शेवटचा डबा बदलला तर गाडी घसा खाकरते. कॅटच्या मागचं सगळं बदललं, ज्याला "कॅट-बॅक" म्हणतात, तर ती बोलू लागते. आणि कॅटच काढून टाकला तर ती शिव्या देते.

कॅट काढायला मी साफ नकार दिला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले राजघराण्यातले धातू त्या डब्यात बसून विषारी वायूंना शहाणं करत असतात. त्यांना हाकलून मी शेजाऱ्यांना काय पाजणार? शिवाय कॅटच्या मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याचं काम एकच: पुढच्याचं काम नीट चाललंय का ते पाहायचं आणि वर कळवायचं. कॅट काढला की तो लगेच चुगली करतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागतं. "त्यालाही गंडवता येतं मामा," भाचा म्हणाला. मी सरकारी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. ऑडिटरला गंडवता येत नाही, फक्त पुढच्या वर्षावर ढकलता येतं.

मूळ सायलेन्सर आणि फ्री-फ्लो यांतला फरक मला शेवटी वाड्यावरून कळला. मूळ सायलेन्सर म्हणजे शनिवार पेठेतला जुना वाडा. आवाज दिंडीदरवाज्यातून आत शिरतो, ओटीवर अडखळतो, माजघरात जातो, भिंतीवर आपटून परत फिरतो, मागून येणाऱ्या स्वतःशीच भांडतो, आणि मागच्या दाराने बाहेर पडेपर्यंत त्याच्यात बोलायचं त्राण उरत नाही. फ्री-फ्लो म्हणजे बोळ. इकडून शिरायचं, तिकडून निघायचं. आत भोकाभोकांची एक सरळ नळी, तिच्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर ठासलेली, वर डबा. लोकर चढे सूर पिऊन टाकते. खर्ज मात्र तिला दाद देत नाही. हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं.

वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. उस्ताद साठीचे, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारलेला, दाढी पांढरी आणि हात काळे. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी खुर्चीत नीट बसलो.

"आवाज कसला पाहिजे साहेब? पोरांसारखा, की तुम्हाला शोभेल असा?"

"शोभेल असाच," मी म्हणालो. भाच्याने तोंड फिरवलं.

मग पाईप केवढा, यावर चर्चा. भाच्याला अडीच इंची हवा होता. उस्तादांचं म्हणणं, एवढ्याशा इंजिनाला सव्वादोनच पुष्कळ. मोठ्या पाईपात आवाज नुसता घुमतो, जसा रिकाम्या हंड्यात. "आणि बॅक-प्रेशर?" भाच्याने विचारलं. टर्बोच्या पुढे जेवढा अडथळा कमी तेवढा बरा, हे उस्तादांनी एका वाक्यात सांगितलं. साध्या इंजिनात नळ्यांची लांबी-रुंदी मोजूनमापून धरावी लागते, कारण तिथे आधीचा धूर जाताना पुढच्याला ओढून नेतो, हे दुसऱ्या वाक्यात. आणि ताकद किती वाढेल या प्रश्नावर ते फक्त हसले. त्या हसण्यात दोन-चार घोडे असतील, फार तर.

आता धातू. उस्तादांकडे ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील होतं. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. हे ऐकल्यावर आतापर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली बायको एकदम सावध झाली. "म्हणजे आपल्या कुकरचं भांडं?" हो, तेच. तिने पर्समधून लोहचुंबक काढला. (तुळशीबागेत भांडी घ्यायला जाताना ती तो नेते, हे मला लग्नाच्या बाविसाव्या वर्षी कळलं.) चुंबक नव्या पाईपाला चिकटला नाही. मग तिने तो आमच्या गाडीच्या मूळ पाईपाला लावला, तर टक्कन चिकटला. "बघा, फसवलंय तुम्हाला," ती विजयाने म्हणाली. उस्तादांनी समजावलं की कंपन्या धुराड्याला बहुधा वेगळ्या जातीचं स्टेनलेस वापरतात, त्यात निकेल जवळजवळ नसतं, ते चुंबकाला चिकटतं आणि तरी वर्षानुवर्षं टिकतं. तिने मान डोलावली. पण परत येताना गाडीत म्हणालीच, "तरी चिकटलं ते चिकटलंच."

गाडी वर चढवली. रबरी कड्यांवर साबणाचं पाणी मारून उस्तादांनी जुना सायलेन्सर एखादं दुखावलेलं जनावर उतरवावं तसा उतरवला. नवीन पाईपाची दोन टोकं अशी भिडवली की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. मग एक गोष्ट केली जिचं मला कोडं पडलं: पाईपाचं पलीकडचं टोक कागदी चिकटपट्टीने बंद करून आत आर्गन वायू सोडला. बाहेरून जोड कितीही सुबक दिसला, तरी आतून हवा लागली तर स्टीलवर साखरेसारखे काळे खडे धरतात, आणि पुढे तिथूनच भेग जाते. जो भाग कुणीही कधीही बघणार नाही, त्याची एवढी काळजी घेणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. टाका थंड झाला तेव्हा त्यावर सोनेरी, मग जांभळा, मग निळा असा रंग उतरला होता, पैठणीच्या पदरासारखा. बायकोने त्याचा फोटो काढला. गाडीचा तिने काढलेला तो एकमेव फोटो.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हाचं काय सांगू. शेडच्या पत्र्यावरचे पारवे उडाले.

तीन दिवस मी सुखात होतो. बोगदा दिसला की काच खाली करायचो. चौथ्या दिवशी कुटुंबाला घेऊन एक्सप्रेसवेने निघालो. काटा अडीच हजार फेऱ्यांवर स्थिरावला आणि गाडीत एक "ऊंऽऽऽ" सुरू झालं. मोठा नाही, पण कानात न शिरता कवटीत शिरणारा. बायको काहीतरी बोलत होती, ते ओठांवरून कळत होतं. उर्से टोलनाक्यापाशी वेग उतरला तेव्हा तो थांबला, आणि चिरंजीवांनी मागून विचारलं, "बाबा, आपल्या गाडीच्या पोटात दुखतंय का?"

घरी वेगळंच वाढून ठेवलेलं. वरच्या मजल्यावरच्या काकू गाणं शिकवतात. त्या जिन्यात भेटल्या. चिडलेल्या नव्हत्या, नेमक्या होत्या, आणि ते जास्त वाईट.

"तुमची गाडी पांढरी तीनमध्ये लागते."

"काय?"

"सकाळी सात वाजता तुम्ही ती सुरू करता ना, तेव्हा खाली घुमतं ते पांढरी तीन. माझी पट्टी काळी पाच. म्हणजे माझ्या षड्जाला तुमचा तीव्र मध्यम लागतो. सकाळी मुलींना भैरव शिकवते मी. भैरवाला शुद्ध मध्यम असतो."

मी घरी येऊन कागद घेतला. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन धमाके. सकाळी गार इंजिन मिनिटाला साधारण बाराशे फेऱ्या घेतं, कॅट लवकर तापावा म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. म्हणजे सेकंदाला चाळीसेक धमाके. पेटीवरची ही पांढरी तीन पियानोच्या सगळ्यांत खालच्या सप्तकात सुमारे एक्केचाळीसची. आणि एक्सप्रेसवेवरचे अडीच हजार? सेकंदाला त्र्याऐंशी. पुन्हा पांढरी तीनच, एक सप्तक वर. काकूंचा कान आणि माझा भागाकार तंतोतंत जुळले. एक्सप्रेसवेवर जिने आमची कवटी हलवली तिचं नाव मला आमच्याच जिन्यात कळलं होतं.

त्या रविवारी मी टेकडीवर गेलो. आम्ही तिला एआरएआयची टेकडी म्हणतो, कारण १९६६मध्ये स्थापन झालेली ती वाहन-संशोधनाची संस्था तिथे आहे. कित्येक वर्षं मी तिच्या कुंपणाशेजारून शुद्ध हवेसाठी चालतो आहे आणि आत काय चालतं याचा विचार कधी केला नव्हता. गाड्यांना पास-नापास करणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. आवाजाच्या परीक्षेत रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवतात, गाडी ताशी पन्नासच्या वेगाने येते, ठरलेल्या रेषेपाशी चालक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, आणि मायक्रोफोन ऐकतो. नऊ आसनांपर्यंतच्या मोटारीला २००५पासून मर्यादा ७४ डेसिबल. हे आकडे साधे नसतात. दहा वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. मी तिथे उभा असताना झाडीतून मोर ओरडला. त्याची कुणी चाचणी घेतलेली दिसत नाही.

माझी गाडी त्या मायक्रोफोनसमोरून मान वर करून गेली नसती, हे मला कळत होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०ही कळलं होतं: २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत, वर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्सही तेवढेच महिने जाऊ शकतं. जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर ओळीने रस्त्यावर मांडून पोलीस त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, तो फोटो बघताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती पैठणीच्या पदराची शिवण येऊ लागली.

त्याच आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला एका हवालदारांनी हात केला. काच खाली केली. त्यांनी आधी मागच्या नळीकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे.

"मुलाची गाडी आहे का?"

"हो," मी म्हणालो. चिरंजीव अकरा वर्षांचे आहेत.

"त्याला सांगा जरा."

सांगतो, म्हणालो.

उस्तादांना काहीच नवल वाटलं नाही. ते बहुधा मी परत येण्याची वाटच पाहत होते. गाडी पुन्हा वर चढली. आता त्यांनी मुख्य पाईपाला एक फाटा जोडला, जवळजवळ सव्वा मीटर लांब, दुसरं तोंड बंद केलेला. त्यातून धूर कुठेच जात नाही. जातो तो फक्त आवाज: तो फाट्यात शिरतो, बंद तोंडावर आपटतो, आणि परत येईपर्यंत नेमका उलटा झालेला असतो, मूळ सूर वर जात असताना हा खाली, तो खाली तर हा वर. दोघांची बेरीज शून्य. लांबी मात्र त्या एकाच सुराच्या मापाने कापावी लागते. "कुठला सूर मारायचाय?" उस्तादांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "पांढरी तीन." त्यांनी फेऱ्यांचा आकडा विचारला.

आपण बोललेलं थोड्या वेळाने नेमकं उलटं होऊन परत येतं आणि सगळं शांत होतं, ही क्रिया मला अपरिचित नव्हती. पण तिला शास्त्र आहे हे माहीत नव्हतं.

फाट्याने एक्सप्रेसवेचं ऊं गेलं. सकाळच्या भैरवासाठी एक रेझोनेटर घालावा लागला. मग पोलिसांसाठी शेवटच्या डब्याऐवजी मोठा डबा, आतून थोडासा वाड्यासारखा. प्रत्येक खेपेला उस्ताद गाडीतून थोडी बडबड काढून घ्यायचे आणि माझ्या खिशातून थोडे पैसे. शेवटचं बिल चुकतं केलं तेव्हा सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार झाले होते. भाच्याने मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावून गेटपाशी मोजलं. आधीचं मूळ गाडीचं माप त्याने लिहून ठेवलं होतं. फरक दोन डेसिबलचा.

"मामा," तो खिन्नपणे म्हणाला, "एवढं करून तू पुन्हा कंपनीचाच सायलेन्सर बनवलास."

कायद्याच्या चष्म्यातून बघितलं तर बदल तो बदलच, दोनचा असो की वीसचा; त्यामुळे मूळ सायलेन्सर मी मोडीत दिलेला नाही. तो माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी गोणपाटात गुंडाळून ठेवलाय, आणि पीयूसीची तारीख जवळ आली की बायको त्याच्याकडे सूचक नजरेने बघते. काकूंना विचारलं, आता कसं आहे? त्या म्हणाल्या, "काय कसं?" वॉचमनला काही कळलेलं नाही. ऑफिसातल्यांना मीच आठवण करून द्यावी लागते. बायको म्हणते, सुरुवातीपासून तिला एकच आवाज ऐकू येत होता, माझा.

परवा ऑफिसातून जरा लवकर निघालो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आता पिठाची गिरणी नाही, केकचं दुकान आहे. तिथे वळताना गाडी दुसऱ्या गिअरवर उतरते आणि एक छोटासा, गोलसर "हूं" करते. मी गाडी लावली, वर आलो, किल्लीने दार उघडलं. चिरंजीव टेबलापाशी बसले होते. समोर भूगोल. घर इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

मी चपला काढल्या. काही न बोलता टीव्हीपाशी गेलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कोमट होती.